नाव भरल्याशिवाय

सेनगावला नर्सबायांना कॉम्प्युटर शिकवणं चाललं होतं. सरावासाठी प्रत्येकीनं आपल्या उपकेंद्राचं एक जुनं रजिस्टर मशीनमध्ये भरायचं होतं. वच्छला खिल्लारे बाईंच्या पुढ्यात आलं ते जन्मून आठवडाभरात गेलेल्या लेकरांचं. त्यांच्याच अक्षरातलं. बाई एका बोटानं अक्षरं शोधू लागल्या, पण मशीन पहिल्याच नोंदीला अडून बसलं.

"मॅडम, हे फुडं जाईना की."

शिकवणारी फरहीन वाकून बघू लागली. "मावशी, बाळाचं नाव भरलंच नाही तुम्ही. त्याशिवाय ते पुढं सरकत नाही."

"नाव कुठून आणू, माय? बारशाच्या आधीच गेली ही सगळी."

"मग काहीही टाका. ए बी सी टाकलं तरी चालतं."

ज्यांना आपल्या हातांनी पुसून फडक्यात गुंडाळलं, त्यांना ए बी सी म्हणायचं बाईंच्या जिवावर आलं. त्या एकेकाला नाव देत बसल्या. आईचं नाव वाचायच्या, थोडा विचार करायच्या, मग शोभेलसं नाव घालायच्या. जेवायलाही उठल्या नाहीत.

शेवटच्या नोंदीला मात्र त्या विचार करायला थांबल्या नाहीत. सरळ लिहिलं, संघमित्रा.

"हे बरं पटकन सुचलं, मावशी!" फरहीन हसून म्हणाली.

"सुचलं न्हाई, माय. तू जलमायच्या आधीच ठरलंय ते."

पुढच्या रकान्यात आईचं नाव भरायचं होतं. बाईंनी एका बोटानं लिहिलं, वच्छला.