रांगेत शेवटी

राजारामराव पुन्हा रांगेतून बाजूला झाले. मागच्या काळ्या बाईंना त्यांनी हातानेच 'व्हा पुढे' म्हटलं आणि स्वतः शेवटी जाऊन उभे राहिले. ही पाचवी वेळ.

वेदीपाशी प्रभुभोजनाच्या, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून घ्यायच्या भाकरीचं तबक धरून उभ्या असलेल्या सुनेत्राने तीही मोजली.

आजची ही सकाळ घडवून आणायला तिला तीन महिने लागले होते. ऐन जानेवारीच्या थंडीत नॉर्थ मिनिआपोलिसमधल्या काळ्या बॅप्टिस्टपंथीयांच्या चर्चचा, इमारत गरम ठेवणारा बॉयलर फुटला, तेव्हा ईडन प्रेरीतल्या तिच्या चर्चमध्ये, गोऱ्या लूथरनपंथीयांच्या मीटिंगमध्ये तीच उठून म्हणाली होती, "त्यांना आपल्याकडे बोलवू या." मग नुसता घोळ. प्रभुभोजनात लूथरनांना वाइन हवी, बॅप्टिस्टांना द्राक्षाचा रस. लूथरन सगळे एका प्याल्यातून पिणारे, बॅप्टिस्टांचे ज्याचे त्याचे अंगठ्याएवढे ग्लास. शेवटी यांनी वाइन सोडली, त्यांनी ग्लास सोडले. तरी कमिटीतले दोघे-तिघे अजून तोंड वाकडं करूनच बसले होते. आज काही बिनसलं, तर ही पहिली वेळच शेवटची ठरणार होती.

आणि बिनसवायला निघाले होते तिचे सख्खे वडील!

तिला बाबा चांगले ठाऊक होते. नगरकडच्या गावात सगळा जन्म गेलेला, तिथल्या चर्चमधला मानाचा माणूस. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही स्वतःचं फुलपात्र वेगळं ठेवणारा, नातवाने चावलेलं बिस्किटसुद्धा न खाणारा. सकाळी गाडीत त्यांनी विचारलं होतं, "सगळे त्याच प्याल्याला तोंड लावणार?"

"हो बाबा. मध्ये मध्ये पुसतात ना."

त्यावर ते चर्च येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

आता लोकांच्या लक्षात यायला लागलं होतं. पुढच्या बाकावरचे कमिटीवाले कुजबुजले. तबक शेजारच्या बाईंकडे देऊन सुनेत्रा लगबगीने रांगेच्या टोकाला गेली.

"बाबा, प्लीज. तुम्हाला नको असेल तर बसून राहा. पण हे असं दर वेळी मागे सरणं नको. त्या पाहुण्यांचा इन्सल्ट होतोय."

राजारामराव रांगेतून हटले नाहीत, म्हणून तीही त्यांच्याबरोबर चालू लागली. रांग सरकत गेली. दीडशे माणसं झाली आणि ते एकटे उरले.

प्याला धरून बॅप्टिस्टांचे डीकन, म्हणजे चर्चचे सेवक, कोलमन उभे होते. सत्तरी उलटलेले, रेल्वेत सामान उचलून पाठ वाकलेले. वाढणारा सगळ्यात शेवटी घेतो, म्हणून ते स्वतः अजून प्यायले नव्हते. त्यांनी प्याला पुढे केला. राजाराम​रावांनी हात जोडले.

"सुनेत्रा, यांना सांग, आधी तुम्ही घ्या."

सुनेत्राने कसंबसं सांगितलं. कोलमननी क्षणभर म्हाताऱ्याकडे निरखून पाहिलं आणि एक घोट घेतला. मग सवयीने ते कड पुसायला गेले. राजारामरावांनी त्यांचा फडक्याचा हात धरला. प्याला घेतला, कोलमननी ओठ लावले होते ती कड आपल्याकडे वळवली आणि तिथेच तोंड लावून तळापर्यंत प्यायले.

बाकावरची कुजबुज थांबली होती. सुनेत्रा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. बाबांनी हे का केलं, ते तिला कळत नव्हतं. कोलमननी रिकामा प्याला घेतला आणि दुसऱ्या हाताने राजारामरावांचा खांदा घट्ट धरला.

"बाबा?" ती हळूच म्हणाली.

"गावाकडे आपल्या चर्चमध्ये प्याला आधी आपल्या घराकडे यायचा," राजारामराव म्हणाले. "वेशीबाहेरच्या वस्तीतून आलेले सगळे आपल्यानंतर. आठवतं?"

तिला आठवलं. लहानपणी तीही त्या पुढच्या बाकावरच बसायची, आणि मागे कोण उभं आहे हे तिने कधी वळून पाहिलं नव्हतं.

"साठ वर्षं मी त्यांना माझं उष्टं पाजलं, पोरी."