भोरड्या उठल्या तेव्हा

करंजाडे गावामागच्या पाणथळीवर शैलेश रोज संध्याकाळी कॅमेरा लावून बसायचा. त्या दिवशी भोरड्या लव्हाळ्यात निजायला उतरल्या. आता संपलं म्हणून तो ट्रायपॉड आवरायला लागला, तेवढ्यात सगळा थवा एकदम उसळला आणि आभाळात काळा भोवरा फिरला. शैलेश बटण दाबत सुटला.

फ्रेमच्या कोपऱ्यात, लांबच्या बांधाजवळ दोन माणसं काठ्यांनी पाणी बडवत होती. मासे जाळ्याकडे हाकायला इथले कोळी असंच करतात. काय जोर होता त्यांच्या हातात. त्यांच्यामुळेच थवा उठला, म्हणून शैलेशने मनातल्या मनात त्यांचे आभारही मानले. पण पाखरांच्या फोटोत माणसं नकोत. घरी येऊन त्याने ती पुसली, फोटो सगळ्या ग्रुपवर टाकला आणि कार्ड भरलं होतं म्हणून मूळ फोटोसकट बाकीचं सगळं डिलीट केलं.

तिसऱ्या दिवशी कोळीवाड्यातली गोदूबाई दारात आली. पाणथळीत भराव टाकणारे डंपर अडवणारा तिचा मुलगा दादू त्याच बांधाजवळ सापडला होता. काठ्यांनी कवटी फोडलेली, दोन्ही हात मोडलेले.

"कोनीच काय बगला नाय म्हनतात," तिने मोबाइल पुढे केला. त्यावर शैलेशचाच फोटो होता. "तू तं त्या सांजला तितंच व्हतास. यात मारनारे कुटं दिसतात काय, बग ना बाला."



शैलेशने फोटो मोठा केला. बांधाजवळ नुसतं पाणी होतं, त्यानेच पुसून स्वच्छ केलेलं.