आत्याची बडबड

"आत्या, एक तास. फक्त एकच तास बोलू नकोस," गंधारने हात जोडले.

"एक तास काय, दोन तास बोलत नाही," दमयंतीआत्या म्हणाली आणि लगेच यंदाची आमसुलं कशी फिकी निघाली, समोरच्या सावित्रीच्या गाईला कसं वासरू झालं, इथपर्यंत येऊन पोचली. गंधारने लॅपटॉप उचलला आणि तो ओटीवर जाऊन बसला.

पलीकडे पुण्याहून मनस्विनी होती. धंद्याला नाव, रूप, ओळख मिळवून देणं हा तिचा व्यवसाय. गंधारने भाट्याला समुद्राकाठी असलेल्या आपल्या घरातल्या तीन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या होत्या आणि बाहेर पाटी लावली होती, 'निःशब्द'. तीन दिवस यायचं, मोबाइल जमा करायचा, सुरूच्या बनात फिरायचं, समुद्र ऐकायचा आणि कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही.

"लोक खोली बघून येत नाहीत, तुला बघून येतात," मनस्विनी म्हणाली. "तुझा स्वभाव, तुझं घर आणि तुझी पाटी, तिघांनी एकच गोष्ट सांगायला हवी. तू कसा आहेस?"

"अबोल."

ते खरंच होतं. एका शब्दात भागत असेल तर गंधार दुसरा खर्च करत नसे.

"गंधाऽर! वासराच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे रे!" आतून आवाज आला.

मनस्विनी हसली. "आणि हे?"

"आत्या."

"गोड आहेत. पण 'निःशब्द'मध्ये बसत नाहीत. पुढच्या आठवड्यात मुंबईच्या कंपनीच्या बाई येतायत. त्यांना पसंत पडलं तर वर्षभर त्यांची माणसं तुझ्याकडे येतील. आत्यांची दुसरीकडे कायमची सोय होते का, बघ."

गंधारला ते लागलं. खोटं मात्र म्हणता येईना.

आईवडील गेले तेव्हा तो पाच वर्षांचा होता. त्याआधीचं त्याला काही म्हणता काही आठवत नव्हतं. आठवण सुरू होई ती आत्याच्या बोलण्यापासून. तिने लग्न केलं नाही, त्याला वाढवलं. भात कालवताना बोलायची, केस विंचरताना बोलायची, त्याला ताप आला की उशाशी बसून बोलायची. शेजारणी, फणस, कुणाचं लग्न, कुठलाही विषय तिला वर्ज्य नव्हता. उत्तराची तिची अपेक्षा नसे, पण ऐकायला हाच लागे. सावित्री सांगायची, "तू कामासाठी मिरजोळ्याला गेलास की तुझी आत्या नुसती बसून असते. तुझी स्कूटर वळणावर दिसली की हिचा पट्टा सुरू!"

"माझेच कान सापडतात तिला," गंधार म्हणायचा. आत्यावर त्याचा जीव होता, आणि तिच्या बोलण्याने त्याचे कान किटले होते.

रात्रीच्या जेवणाला त्याने विषय काढला. "आत्या, आठवडाभर अलोऱ्याला काकांकडे जाऊन येतेस? रविवारी परत ये." पुढचं, कायमचं, त्याच्या तोंडून निघेना.

ताक वाढता वाढता आत्या थांबली. "जात्ये की. पण घर गप्प होईल रे. तुला चालेल?"

"अगं, तोच तर माझा धंदा आहे!"

"धंद्याचं नाही विचारत्ये. तुला चालेल?" ती त्याच्याकडे निरखून बघत होती.

"चालेल गं."

"मग बरं," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी एसटी सुटेपर्यंत एकदाही न थांबता बोलली.

कंपनीच्या ईशाबाई आल्या. तीन दिवस फिरल्या, झोपल्या, एका दुपारी पायरीवर बसून मनसोक्त रडल्या. जाताना म्हणाल्या, "इतकी शांतता मी कुठे अनुभवली नाही. आमचं नक्की समजा."

गंधारला आनंद व्हायला हवा होता. तो भिंतीकडे तोंड करून जेवला. आमटी खारट झाली होती, ते सांगायला घरात कुणी नव्हतं. पण धंदा तो धंदा. त्याने मन घट्ट केलं आणि अलोऱ्याला फोन लावला. परशुरामकाका म्हणजे आत्याचे थोरले भाऊ. कोयना प्रकल्पातून निवृत्त होऊन तिथेच राहिलेले.

"काका, आत्याला तुमच्याकडेच ठेवून घ्याल? कायमची? मला माहित्येय, बोलून बोलून तिने तुमचं डोकं खाल्लं असेल, पण..."

"कुणी? दमीने?" काका म्हणाले. "मेल्या, आल्यापासून चार वाक्यं बोलली असेल ती."

"बरं नाही का तिला?"

"तिला काय धाड भरल्येय! ती जन्माची अशीच. शाळेत मास्तरांनी नाव विचारलं तर तेसुद्धा मी सांगायचो. मुकी दमी म्हणायचे तिला सगळे."

गंधारला काही कळेना. "मग इथे..."

"तुला कधी सांगितलं नाही तिने? तुझे आईबाप गेल्यावर तू वर्षभर तोंड उघडलं नव्हतंस. डॉक्टर म्हणाले, पोराच्या कानावर सारखं बोलणं पडू द्या, घर गप्प पडू देऊ नका. दमी म्हणाली, मी बोलेन. रोज सकाळी उठून कागदावर लिहून काढायची, आज पोराशी काय काय बोलायचं ते. आत्तासुद्धा वही घेऊन माझ्यासमोर बसल्येय. म्हणते, दादा, गावातलं अजून काहीतरी सांग, रविवारी घरी जायचंय, एवढं गंधारला पुरायचं नाही."