प्रेशरचं विमान

घ्यायचं ते प्रेशरचंच, हे एकनाथराव घरूनच ठरवून आले होते. तरी बेगमपेट विमानतळावरच्या हँगरमध्ये त्यांनी शेजारचं बिनप्रेशरचं विमानही नीट फिरून पाहिलं. बियाण्याच्या धंद्यात माणूस एकच पोतं फोडून भाव करत नाही.

दोन्ही विमानं जुनी, दोन्ही दोन इंजिनांची. फरक एवढाच, की एकाच्या दाराला जाड रबर होतं आणि काचा लहान होत्या. ते वर गेलं की आत हवा भरून ठेवणार. दुसऱ्यात बाहेर जशी हवा, तशीच आत.

"म्हणजे हे कुकर," पद्मावतीबाई म्हणाल्या. त्या खुर्चीत बसल्या होत्या. नाकाला ऑक्सिजनची नळी, पायाशी छोटा सिलिंडर. दारापासून इथवर त्या थांबत थांबत आल्या होत्या.

"कुकर तर कुकर," एकनाथराव म्हणाले. "तुझ्यासाठी हेच पाहिजे."

डॉक्टरांना त्यांनी स्वतः विचारलं होतं. हिला बिनप्रेशरच्या विमानातून वर नेलं तर चालेल का? डॉक्टर म्हणाले, अजिबात नाही. झालं, त्या दिवसापासून प्रेशरचं शोधणं सुरू झालं. हे बिनप्रेशरचं तेव्हाही इथेच विकायला उभं होतं. एकनाथरावांनी दलालाला लांबूनच हात जोडले. घरच्या माणसाला हलका माल द्यायचा नाही, ही त्यांच्या वडिलांची शिकवण.

सगळी धडपड लातूरसाठी होती. पद्मावतीबाईंचं माहेर तिथलं. गाडीने निघालं, की जहीराबाद येईतो त्यांना धाप लागायची आणि गाडी परत फिरवावी लागायची. रेल्वेचंही तेच. तिकडे भाऊ, केशवराव, अंथरुणाला खिळलेला. "यंदा थांब. प्रेशरचं मिळू दे, थेट ओवाळायलाच नेतो," असं एकनाथराव एका भाऊबिजेला म्हणाले, आणि पुढच्याही. यंदाच्या श्रावणात केशवराव गेले. बहिणीने त्यांचं शेवटचं दर्शन फोनवर घेतलं. आता निदान माहेरचं घर तरी दाखवून आणावं, म्हणून आजची ही फेरी होती.

विमान चालवायला ठेवायची म्हणून एकनाथरावांनी दिलसुखनगरच्या कॅप्टन रोशनीला बोलावलं होतं. ती पंखाखालून वाकून बाहेर आली.

"सर, जायचं कुठं कुठं तुम्हाला?"

"लातूर. झालंच तर नांदेड."

"बस्स? मग हे प्रेशरचं झंझट कायकू? त्याचं रबर सांभाळता सांभाळता परेशान व्हाल."

"अगं, हिचा श्वास…"

रोशनी नळीकडे बघून जरा ओशाळली. मग खुर्चीशी उकिडवी बसली. "काकू, त्रास होतो तो वर गेल्यावर. लातूरला जायला वर जायचं कामच काय? सकाळच्या थंड हवेत खालून न्यायचं. महाबळेश्वरला माणसं राहतात ना, तेवढीच उंची. ही नळी असू द्यायची. डॉक्टरला विचारून घेऊ, पण ते नक्को म्हणतील असं मला नाही वाटत. उलट ते कुकर लई वर नेलं, तर आतली हवा महाबळेश्वरपेक्षा विरळ पडते."

"म्हणजे ह्यातनं जमलं असतं?" एकनाथरावांनी बिनप्रेशरच्या विमानाकडे बोट केलं.

"हौ. मी चालवते की अधूनमधून. ठणठणीत आहे." रोशनीला बाकीचं काही ठाऊक नव्हतं. ती हात पुसायला फडकं शोधत निघून गेली.

एकनाथराव उभेच राहिले. त्या पहिल्या दिवाळीत, चहाचा कप पुढे ठेवताना बायको म्हणाली होती, "वर चालत नाही तर खालून न्या की." आणि ते हसले होते. "अगं, विमान आहे ते. बैलगाडी नाही." एवढ्यावर थांबले नाहीत. कारखान्यात जाऊन चारचौघांना सांगून पुन्हा हसले. डॉक्टरांना मात्र त्यांनी तेवढं विचारलं नाही.

"तू म्हणाली होतीस," ते आता म्हणाले. "मी विचारलंच नाही कुणाला."

"जाऊ द्या."

"आजच डॉक्टरांना फोन करतो. हेच घेऊ. ह्याच्या काचा बघ केवढ्या मोठ्या आहेत, तुला सगळं दिसेल. आठ दिवसांत लातूर. भावजय आहे, पोरं आहेत, घर आहे…" ते बोलतच राहिले. थांबले की रडू येईल, याची त्यांना भीती वाटत होती.

पद्मावतीबाईंनी त्यांना बोलू दिलं. मग म्हणाल्या, "यंदा मी चंद्राला ओवाळलं."

भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात, तसं. गच्चीवर, खुर्चीत बसून, दिव्यापुरती नळी काढून ठेवून. धाप लागली तेव्हा ताट एकनाथरावांनीच सावरून धरलं होतं.

"हौ," ते म्हणाले. "मी होतो की तिथं."

"तो फार उंच आहे हो," पद्मावतीबाई म्हणाल्या. "लातूर खालीच होतं."