नववी मुलगी

कोचबाईंची झोप उडाली होती. दहा वर्षांखालच्या सॉफ्टबॉल संघात मुली सतरा, आणि बारा वर्षांखालच्या संघात जेमतेम आठ. नववी मिळाली नाही, तर शनिवारचा सामना न खेळताच हातचा जाणार होता. धाकट्यांपैकी एकीला वर पाठवा म्हणून त्यांनी घरोघरी विनवण्या केल्या, पण एकही आई बधेना. शेवटी सगळ्यांत ठेंगणी टिकली स्वतःच म्हणाली, "मी खेळते की!"

"अहो बाई, बॅट हिच्यापेक्षा उंच आहे!" तिची आई घाबरली.

"नुसती उभी राहू दे. बॅट हलवायचीसुद्धा नाही," कोचबाई म्हणाल्या.

शनिवारी शेवटच्या डावात बरोबरी झाली, तिन्ही बेसवर आपल्या मुली, आणि पाळी आली टिकलीची. चेंडू टाकायचा असतो बॅटरच्या गुडघ्यापासून काखेपर्यंतच्या पट्ट्यात. टिकलीचा पट्टा जेमतेम दीड वीत! समोरच्या धिप्पाड पिचरचा पहिला चेंडू डोक्यावरून गेला. दुसरा, तिसरा आणि चौथाही तसाच. चार चेंडू चुकले की बॅटरला बेस फुकट. त्यामुळे सगळ्या एकेक बेस पुढे सरकल्या, तिसऱ्या बेसवरची घरच्या बेसवर पोचली आणि विजयाची धाव पूर्ण झाली! टिकलीला खांद्यावर घेऊन मुलींनी मैदान दणाणून सोडलं. कोचबाई तर शिट्टी फुंकत नाचल्याच.

रविवारी सकाळी त्यांनी दार उघडलं, तर बाहेर उरलेल्या सोळाजणींच्या आया हातघाईवर आलेल्या.

"माझी जास्त बुटकी!"

"छे, माझीच!"