पायरीवरचे जोडे

मित्र सांगायचे, या गेममध्ये मरण्यातच खरी मजा आहे. हुडकेश्वरच्या फ्लॅटमध्ये भर दुपारी कूलरसमोर बसलेल्या ऋषिकेशला ती मजा काही सापडेना. एक गडी मेला की नवा गडी, नवं भुयार. वाटेतलं देऊळ मात्र दरवेळी तेच.

जोड्यांसकट देवळात शिरायला ऋषिकेशचा हात धजेना. गड्याचे जोडे तो पायरीवर काढून ठेवायचा आणि अनवाणी पाऊल आत पडताच गडी मरायचा.

अकरावा मेला, तेवढ्यात आई भाजी घेऊन दारात आली.

“एवढे पाहुणे कोण आले गा? पायरीवर अकरा जणायचे जोडे दिसून राहिले.”

ऋषिकेश किंचाळला, “आई, चपला काढू नको!”

“काहून गा?” म्हणत आईनं सवयीनं अनवाणी पाऊल आत टाकलं.