धूळ बसलेली गाडी

"बाबा, तुमची नोकरी गेलीय का?"

मुग्धाने विचारलं आणि पोह्यांचा घास तोंडात टाकला, जणू वरून लिंबू मागितलं होतं. प्रश्न तिचा नव्हताच. वर्गातल्या अवनी आणि हुमेराने पैज लावली होती, की डिबेटमध्ये सगळ्यांची तोंडं बंद करतेस ना, मग घरी विचारून दाखव. वादविवादाची ट्रॉफी आणल्यापासून मुग्धा कुठल्याही पैजेला नाही म्हणत नसे.

कॅप्टन गुणवंतांनी पेपर खाली ठेवला. "कोण म्हणतं?"

"अख्खी बिल्डिंग. आपली गाडी बेसमेंटमध्ये नुसती पडलीय. धुळीवर कुणीतरी बोटाने 'खलास' लिहून ठेवलंय."

२००९ हे मंदीचं सालच तसं होतं. शारजातल्या अल मजाजच्या टॉवरांमध्ये धूळ बसलेली गाडी दिसली, की मालकाची नोकरी गेली आणि आता तो गुपचूप पळणार, असंच लोक धरून चालत. खालच्या मजल्यावरचे याकूब अंकल तसेच गेले. त्यांच्या मुलीने वर्गात कुणाला बायसुद्धा केलं नाही. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की शाळा. मुग्धाची बारावी मार्चात होती. शाळेत कितीही मिरवली, तरी हल्ली घरातला फोन वाजला की ती पुस्तक मिटून कान देऊन ऐकायची.

"अगं, गाडी चालवायचा कंटाळा आलाय," बाबा म्हणाले. "दुबईच्या ट्रॅफिकमध्ये डोकं पिकवायचं आणि वर विमान उडवायचं? टॅक्सीत डुलकी तरी मिळते. आज संध्याकाळी कोची आहे. तो बघ युनिफॉर्म, इस्त्री करून टांगलाय."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

"नोकरीला काही होत नाही," आई चहा घेऊन येत म्हणाली. "लायसन्सचं पुढचं मेडिकलसुद्धा एप्रिलात आहे. तोवर तुझी बारावी आटपते. तू फक्त अभ्यास कर."

मुग्धाचा जीव भांड्यात पडला. तिने तिथल्या तिथे हुमेराला मेसेज ठोकला: जिंकले. शवर्मा तयार ठेवा. मग हात उंचावून बाबांसमोर धरला. "द्या टाळी."

बाबांचा तळवा तिच्या हाताच्या बाजूने निघून गेला आणि हवेत आपटला.

"चकवलं की नाही?" ते हसले.

मुग्धाही हसली. आई हसली नाही. तिने बाबांच्या डावीकडचा गरम चहाचा कप उचलून उजव्या हाताशी सरकवला.

मुग्धाने लाडवांची बशी घेतली, खुर्चीमागून वळसा घातला आणि बाबांच्या डाव्या बाजूला उभी राहिली. बशी त्यांच्या खांद्याजवळ धरली. बोलली काहीच नाही. बाबा कोचीहून केळ्याचे वेफर्स आणायचं सांगत होते. सांगतच राहिले.

"अहो, लाडू घ्या ना," आई घाईघाईने म्हणाली.

"अरे हो." बाबांनी अख्खी मान वळवली. "कधी आलीस इकडे?"

"आत्ताच."

मोबाइल वाजला. हुमेरा विचारत होती, नक्की ना? मुग्धाने तो पालथा घातला. ती खुर्ची ओढून दोघांच्या समोर बसली, स्टेजवर बसायची तशी, पाठ ताठ.

"मी एक ठरवलंय."

"आधी अंघोळ कर, मग ठरव," आई म्हणाली.

"बारावी मी एक वर्ष थांबून पुण्यातून देते. आणि बाबा, डाव्या डोळ्याने दिसत नाही हे आज कोचीच्या आधी तुम्ही कंपनीला कळवा, नाहीतर मी कळवते."